विश्लेषण : विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी… महाडमधलं संशोधन आज पुन्हा का वाचायला हवं?

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून सर्पदंश ‘अधिसूचित’ करायला सांगितलं. म्हणजे सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू सरकारला कळवणं दवाखान्यांवर बंधनकारक करायचं. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला होता. त्यामुळे उशिरा का होईना, हे पाऊल पडलं ते बरंच झालं.

पण कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारलं, तर लोक सापाच्या जोडीने लगेच विंचवाचं नाव घेतात. आराखडा मात्र नावाप्रमाणेच सापापुरता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत २०१७ पासून सर्पदंश आहे. विंचूदंश त्या यादीत नाही.

गंमत अशी, की विंचूदंशावर जगाने वापरलेला एक महत्त्वाचा उपचार आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात आकाराला आला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ‘विंचूदंशावर औषध शोधणारे डॉक्टर’ अशी त्यांची ओळख सगळीकडे छापून आली. ती तशी बरोबर आहे, पण अर्धवटही आहे. त्यांनी नवं औषध शोधलं नाही. बाजारात आधीपासून असलेली रक्तदाबाची गोळी इथे लागू पडेल, हे त्यांनी ओळखलं. आणि ते ओळखता आलं, कारण विंचवाचं विष शरीरात नक्की काय करतं हे त्यांनी आधी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून पाहिलं होतं. ही गोष्ट कळली की आज काय अडलंय, तेही नीट कळतं.

आधी विंचू ओळखू या

आपल्याकडे मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा विंचू दिसला की लोक घाबरतात. इंगळी म्हणून त्याचा दरारा आहे. प्रत्यक्षात जीवघेणा ठरतो तो आकाराने लहान, लालसर आणि बारीक नांग्यांचा लाल विंचू. शास्त्रीय लिखाणात त्याला पूर्वी ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ म्हणत, आता ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ हे नाव रूढ झालंय. कोकणात जांभ्याच्या दगडात, गडग्यांत, पेंढ्याच्या उडवीत, लाकूडफाट्याखाली तो असतो. कोकणाबाहेर पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, सौराष्ट्र इथेही आढळतो. उन्हाळ्याचे शेवटचे महिने आणि पाऊस ओसरल्यावरचा भातकापणीचा काळ, हे दंशाचे हंगाम. म्हणजे माणूस ज्या दिवसांत दगड, गवत आणि सरपण हाताळतो, नेमके तेच दिवस.

विंचू चावलेल्यांपैकी बहुतेकांना फक्त वेदना होतात. वेदना असह्य असतात, पण दिवसभरात त्या उतरतात आणि माणूस बरा होतो. विंचू ‘उतरवणाऱ्या’ मांत्रिकांचं यश यातच आहे. काहीही केलं नाही तरी बरे होणार होते, त्यांचं श्रेय मंत्राला मिळतं. अडचण येते ती उरलेल्यांची. त्यांना चावल्याजागी फार दुखतही नसेल, पण अर्ध्या तासात दरदरून घाम फुटतो, उलट्या सुरू होतात, तोंडाला लाळ सुटते, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुरुषांमध्ये आणि लहान मुलांतही लिंगाला ताठरता येते. लाजेपोटी हे लक्षण कोणी सांगत नाही, पण निदानासाठी ते फार मोलाचं आहे.

यानंतर काही तासांत रुग्णाला धाप लागते, खोकला येतो, तोंडातून गुलाबी फेस येतो. १९७० च्या दशकात या टप्प्यावर पोहोचलेल्या रुग्णाला वाचवणं जवळपास डॉक्टरच्या हातात नव्हतं.

बिरवाडीत काय दिसलं?

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. शेतकरी कुटुंब, नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस. १९७६ मध्ये त्यांची नेमणूक महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. विंचूदंशाचे रुग्ण तिथे नेमाने येत आणि त्यातले गंभीर दगावत. हे मृत्यू कशाने होतात याचं उत्तर त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत धड मिळत नव्हतं.

अशा ठिकाणी नेमणूक झालेला तरुण डॉक्टर सहसा दोनपैकी एक करतो. बदलीसाठी अर्ज करतो किंवा वरून आलेली उपचारपद्धती तशीच राबवत राहतो. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून नोंदी करायला सुरुवात केली. घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हात गार कधी पडले, छातीत पाणी झाल्याचे आवाज कधी सुरू झाले… आज कोणी याला ‘क्लिनिकल डेटा’ म्हणेल. तेव्हा ती एक वही होती आणि शेजारी मरणाच्या दारातला माणूस.

या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. उलटी, घाम, लाळ आणि ताठरता ही लक्षणं आधी येतात आणि हृदयाचं संकट त्यांच्या मागून येतं. म्हणजे ही पूर्वसूचना आहे. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लाल विंचवाच्या दंशातल्या याच पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख आला. दरम्यान पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी करून ते पुन्हा कोकणात परतले होते. मला या सगळ्या कथेतला हाच सर्वात महत्त्वाचा निर्णय वाटतो. एमडी झाल्यावर पुण्या-मुंबईत राहिले असते, तर पुढचं काही घडलं नसतं, कारण हे रुग्णच तिथे नव्हते.

विष शरीरात नेमकं काय करतं?

आपल्या मज्जातंतूंवर सोडियमच्या कणांसाठी सूक्ष्म दारं असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं ही दारं मिटूच देत नाहीत. परिणामी मज्जातंतू सतत पेटलेले राहतात आणि त्यांच्या टोकांतून, तसंच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं रक्तात धो धो ओतली जातात. वाघ समोर आल्यावर शरीर जी तयारी करतं, तीच तयारी इथे तासन् तास, न थांबता चालू राहते. डॉक्टर याला ‘ऑटोनॉमिक स्टॉर्म’ म्हणतात. स्वायत्त मज्जासंस्थेत उठलेलं वादळच ते.

या रसायनांमुळे शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब भडकतो. आता हृदयाची अवस्था बघा. नळ जवळजवळ बंद आणि पंप मात्र पूर्ण जोरात चालू. त्यातच शिरा आवळल्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्तही वाढतं. पंप थकतो, पाणी मागे तुंबतं, आणि हृदयाच्या मागे असतात फुप्फुसं. तोंडातून येणारा गुलाबी फेस तो हाच.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं, की त्या काळचे उपचार का फसत होते ते कळतं. घाम आणि लाळ थांबवण्यासाठी ॲट्रोपिन देत. त्याने घाम सुकायचा, पण आधीच धावणारं हृदय आणखी धावायचं. सूज किंवा ॲलर्जी समजून स्टिरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शनं देत. त्यांचा मूळ बिघाडाशी संबंधच नव्हता. रुग्ण गार पडलाय म्हणजे ‘शॉक’ आहे असं धरून सलाईन चढवत, तेही फुप्फुसात पाणी भरत असलेल्या माणसाला. डॉक्टर मेहनत घेत होते, फक्त शरीरात काय चाललंय याचा अंदाज चुकलेला होता.

उपाय मग तर्कानेच पुढे येतो. आवळलेले नळ सैल करायचे. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते रक्तवाहिन्या झटपट उघडतं, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि रक्तदाबावर क्षणाक्षणाला डोळा ठेवावा लागतो. एका परिचारिकेवर चाळीस खाटा असलेल्या ग्रामीण रुग्णालयात हे रोज कसं जमणार?

तिथे प्राझोसिन आलं. १९७० च्या दशकात बाजारात आलेलं हे रक्तदाबाचं औषध. नॉरॲड्रेनॅलिन रक्तवाहिनीच्या ज्या कुलपाला लागून ती आवळतं, ते ‘अल्फा-१’ नावाचं कुलूपच प्राझोसिन अडवून धरतं. रक्तात रसायनांचा पूर असला तरी वाहिनीला त्याचा हुकूम ऐकू येत नाही. शिवाय ही गोळी तोंडाने घेता येते, आणि स्वस्त आहे. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच बावस्कर पती-पत्नींनी विंचूदंशातल्या हृदयविकारासाठी प्राझोसिनचा वापर मांडला. बावस्करांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार, पूर्वी गंभीर रुग्णांमध्ये शंभरातले ३० ते ४० दगावत, ते प्रमाण प्राझोसिननंतर एकाच्या आसपास आलं.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘आधी इतके, नंतर इतके’ ही तुलना कितीही बोलकी असली तरी तो प्रयोग नसतो. मधल्या वर्षांत रस्ते झाले, एसटी आणि जीप गावापर्यंत पोहोचल्या, लोक मांत्रिकाऐवजी लवकर दवाखान्यात येऊ लागले. मृत्यू कमी होण्यात याचाही वाटा असणार. पण गोळीचा परिणाम शरीरक्रियेच्या तर्काशी जुळतो आणि पुढे इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही तो दिसला. म्हणून आज प्राझोसिनबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

संशोधन एकट्याचं नव्हतं

‘खेड्यातला एकटा डॉक्टर’ ही प्रतिमा वाचायला छान वाटते. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात. या विषयावरच्या बहुतेक निबंधांवर दोन नावं आहेत, हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर. डॉ. प्रमोदिनी या त्यांच्या पत्नी, आणि महाडच्या रुग्णालयातल्या सहकारीही. बातम्यांच्या मथळ्यांत त्यांचं नाव क्वचितच येतं. (पत्रकार म्हणून हा दोष आमच्याही पदरात.)

त्याच काळात मुंबईत, परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात के. राधाकृष्ण मूर्ती याच विषाचा प्राण्यांवर अभ्यास करत होते. त्यांचा रोख वेगळा होता. या वादळात इन्सुलिन दबलं जातं, साखर आणि स्निग्धाम्लं रक्तात वाढतात, हृदयाच्या पेशींना इंधन नीट वापरता येत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोज देण्याचा मार्ग मांडला. शरीरक्रिया म्हणून ही मांडणी विचार करायला लावणारी आहे. पण इन्सुलिन शिरेतून देत दर थोड्या वेळाने साखर तपासायची, हे गावपातळीवर अवघड. त्यामुळे रोजच्या वापरात गोळीच पुढे राहिली.

तिसरा धागा चिपळूणचा. तिथल्या डॉ. विवेक नातू यांनी सहकाऱ्यांसोबत विंचूप्रतिविषावर काम केलं. प्रतिविष म्हणजे घोड्याला विषाचे अगदी छोटे डोस देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवावरचं असं प्रतिविष बनवलं होतं. २००६ मध्ये नातू, मूर्ती आणि के. पी. देवधर यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयातला या प्रतिविषाचा अनुभव निबंधात मांडला. म्हणजे परळचा शरीरक्रियातज्ज्ञ आणि चिपळूणचा डॉक्टर एकाच निबंधावर. आपल्याकडे असं फार वेळा होत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या दोन गावांत आता दोन विचार होते. महाड म्हणत होतं, विषाने जे सुरू केलंय ते गोळीने थांबवा. चिपळूणचा आग्रह, विषच निकामी करा.

मग कोण बरोबर?

बाहेरच्या जगातही उत्तर सरळ नव्हतं. १९९९ मध्ये ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांवरचा मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यात प्रतिविषाचा काहीच फायदा दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात गंभीर अवस्थेतल्या १५ मुलांवर चाचणी झाली. प्रतिविष मिळालेली आठही मुलं चार तासांत लक्षणमुक्त झाली, न मिळालेल्या सातांपैकी फक्त एक.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. विंचू वेगळे, विष वेगळं, आणि मुख्य म्हणजे रुग्ण वेगळे. ट्युनिशियात सौम्य लक्षणांचे रुग्णही मोठ्या संख्येने होते, म्हणजे तसेही बरे होणारे. अशा गर्दीत कुठल्याही औषधाचा परिणाम पुसट दिसतो.

लाल विंचवासाठीचं उत्तर महाडमधूनच आलं, आणि गोळीचा पुरस्कार करणाऱ्या बावस्करांनीच ते शोधलं. त्यांनी ७० रुग्ण घेतले. घाम-उलटी-गारठ्याच्या टप्प्यावरचे, पण अजून फुप्फुसात पाणी न झालेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनंतर नुसत्या गोळीच्या गटात ८ जण पूर्ण बरे होते, दोन्ही मिळालेल्या गटात ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ एका गटात १७.७ तास, दुसऱ्यात ८ तास. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. २०१४ मध्ये पुद्दुचेरीच्या जिपमर संस्थेने ५० मुलांवर अशीच चाचणी केली. कल तोच दिसला.

ज्या गोळीने आपलं नाव झालं, तिच्यापेक्षा गोळी आणि प्रतिविष एकत्र चांगलं, असं स्वतःच सिद्ध करून छापणं सोपं नसतं. पद्मश्रीइतकाच मान या निबंधालाही मिळायला हवा होता, असं मला वाटतं.

अर्थात या चाचणीलाही मर्यादा आहेत. कोणाला काय दिलं जातंय हे डॉक्टरांना माहीत होतं. फुप्फुसं भरलेल्या रुग्णांबद्दल ती काही सांगत नाही. आणि प्रतिविष फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. आधीच सुटलेलं ॲड्रेनॅलिन ते परत आणू शकत नाही. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात त्याचा उपयोग घटत जातो आणि गोळीची गरज टिकून राहते. दोन्ही उपचारांचं काम वेगळं आहे, हा त्या जुन्या वादाचा निकाल.

याच विषाचं दुसरं आयुष्य

लाल विंचवाचं विष फक्त दवाखान्यात पोहोचलं नाही. १९९० मध्ये मर्क या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून ‘आयबेरिओटॉक्सिन’ नावाचं प्रथिन वेगळं केलं. ते पेशींवरचं एक विशिष्ट पोटॅशियमचं दार नेमकेपणाने बंद करतं, दुसऱ्यांना हात लावत नाही. अशी अचूक चावी औषधनिर्माणशास्त्रात दुर्मीळ असते. रक्तवाहिन्या, श्वासनलिका, मेंदू यांच्यावर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ती गेली तीन दशकं वापरताहेत. पाकिटावर विंचवाचं नाव असतं. तो विंचू ज्या गडग्यात राहतो तिथली माणसं त्या गोष्टीत कुठेच नसतात.

प्राझोसिनचंही तसंच. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर हे औषध चालतं का, हे पाहायला अमेरिकेत १३ केंद्रांवर ३०४ माजी सैनिकांची चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचा निकाल आला, फायदा दिसला नाही. निकाल काहीही असो, प्रश्न विचारायला पैसा आणि यंत्रणा होती. विंचूदंशासाठी त्याच औषधाची कसोटी लागली ती महाडच्या एका खासगी रुग्णालयात, ७० रुग्णांवर. जुनी, पेटंट संपलेली गोळी आणि शेतमजूर रुग्ण. यात कुठली कंपनी पैसे घालेल?

आज काय अडलंय?

जगात वर्षाला १२ लाखांहून अधिक लोकांना विंचू चावतो आणि ३,२०० हून अधिक मरतात, असा अंदाज २००८ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी मांडला होता. भारताचा वाटा त्यात मोठा धरला जातो, पण आपल्याकडचे आकडे मुख्यतः रुग्णालयांच्या निबंधांतून येतात. जिथे अभ्यास करणारा डॉक्टर आहे तिथे विंचू ‘दिसतो’. जिथे नाही, तिथे तो मृत्यू ‘हृदय बंद पडल्याने’ म्हणून निघून जातो.

राज्य सरकारला हा धोका माहीत नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताच्या कारणांची यादी आहे. तिच्यात ‘सर्पदंश व विंचूदंश’ असं एकत्र लिहिलंय. मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. म्हणजे भरपाईच्या कागदावर साप आणि विंचू शेजारी शेजारी आहेत. राष्ट्रीय आराखड्यात आणि सक्तीच्या नोंदीच्या पत्रात मात्र साप एकटाच आहे. सर्पदंशासाठी जी नोंदणीची व्यवस्था उभी राहतेय, तिच्यात विंचूदंशाचा एक रकाना वाढवायला वेगळी यंत्रणा लागणार नाही.

दुसरी अडचण गोळीचीच. रक्तदाबासाठी प्राझोसिन आता बऱ्याचदा हळूहळू विरघळणाऱ्या रूपात लिहून दिलं जातं, कारण दिवसातून एकदा घेणं सोयीचं पडतं. विंचूदंशात तासांचा हिशोब असतो, तिथे लगेच विरघळणारी साधी गोळी हवी. केंद्राच्या कपाटात ‘प्राझोसिन आहे’ एवढी नोंद पुरेशी नाही. कुठलं आहे, तेही बघावं लागतं.

आणि तिसरी, माणसांची. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर वर्ष-दोन वर्षांत बदलतात. शहरात शिकलेल्या नव्या डॉक्टरने लाल विंचवाचा रुग्ण कधी पाहिलेलाच नसतो. गार पडलेल्या, घामेजलेल्या मुलाला पाहून त्याचा हात सवयीने सलाईनकडे जाण्याची भीती आजही आहे. बिरवाडीतल्या वहीत जे लिहिलं गेलं, ते प्रत्येक हंगामाआधी अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात सांगता येतं.

विंचू चावला तर?

चावल्याची जागा कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. नुसती वेदना असेल तरी दवाखान्यात जा आणि काही तास देखरेखीखाली थांबा, विशेषतः रुग्ण लहान मूल असेल तर. घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, ताठरता यांतलं काही दिसलं तर वेळ मुळीच घालवू नका, आणि ते लक्षण किती वाजता सुरू झालं हे डॉक्टरांना सांगा. शक्य असेल तर विंचवाचा फोटो घ्या. पकडायला जाऊ नका.

प्राझोसिन घरी ठेवून स्वतः देण्याचं औषध नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखालीच ते देतात. गोळी दिल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणत रुग्ण उठून बसायला बघतो, मुलं तर उतरून पळायलाच बघतात. त्यांना उचलून कडेवर घेऊ नका, उभं करू नका. डॉक्टर सांगेपर्यंत झोपवूनच ठेवा.